क्षेमाची वही

वाचक माऊलींनो, माझ्या लेखात एखाद्या अभंगाचे निरूपण असेल, अशी तुमची अपेक्षा असणार. या वेळी मी एका जुन्या मोटारीवर लिहितो आहे, आणि तीही साधी नव्हे, वेगाने पळण्यासाठी बांधलेली. टाळ-मृदंगाच्या संगतीत आयुष्य घालवलेल्या, पंचाहत्तरीच्या माणसाने हा विषय कशाला घ्यावा, असे कुणी म्हणेल. विषय मी शोधायला गेलो नाही. गेली काही वर्षे मी त्या मोटारीत बसतो, तिची निगा कशी राखली जाते ते पाहतो, आणि आयुष्यभर तोंडी असलेल्या एका शब्दाचा अर्थ मला तिच्यापाशी अधिक उलगडला. तो शब्द म्हणजे योगक्षेम.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे वचन दिले आहे. आचार्यांनी या जोडशब्दाची फोड केली आहे. जे मिळालेले नाही ते मिळणे म्हणजे योग, आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण म्हणजे क्षेम. आम्ही कीर्तनकार ही फोड सांगतो आणि पुढच्या चरणाकडे वळतो. पण संसारात पाहा, योगाचा केवढा सोहळा होतो! बैल आणला की ओवाळणी, मोटार आणली की हार, नारळ आणि गल्लीभर पेढे. क्षेमाचे पेढे कुणी वाटत नाही. मोटारीचे ऑइल वेळेवर बदलले म्हणून शेजारी अभिनंदनाला येत नाहीत. क्षेमाचे काम नीट झाले तर काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याची कुणी आठवण ठेवत नाही.

आता मोटारीकडे येतो. माझा पुतण्या कंधारात शेतीपंपांच्या मोटारी भरून देण्याचे दुकान चालवतो. यंत्राची आवड त्याला लहानपणापासूनची. २०१६ साली त्याने जुन्यात एक स्कोडा ऑक्टाव्हिया आर एस घेतली. चेक देशातल्या या कंपनीने २००१ साली छत्रपती संभाजीनगरजवळ, तेव्हाच्या औरंगाबादेजवळ, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींची जोडणी सुरू केली. त्यांची पहिली गाडी ऑक्टाव्हिया, आणि तिचीच आर एस ही पळणारी आवृत्ती २००४ साली आपल्याकडे आली. १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, एकेकाला पाच असे वीस व्हॉल्व्ह, वर टर्बो, आणि दीडशे अश्वशक्ती. पुतण्याची गाडी २००५ सालची. त्याने घेतली तेव्हा काटा दीड लाखाच्या पुढे होता. आज तो दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर दाखवतो.

घरात तेव्हा कुरबुर झाली. आमच्या रस्त्यांवर ही गाडी पळवायची कुठे, असे थोरल्या वहिनींनी विचारले. तो हसला, आणि दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला आम्हां म्हाताऱ्यांना पंढरपूरला न्यायचे काम त्याने तिला लावून दिले. एस.टी.च्या पायऱ्या आता आमचे गुडघे चढू देत नाहीत. ही गाडी बुटकी, बसायला सोपी. उतरताना मात्र हात द्यावा लागतो. अहमदपूर, लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी करत तीनशे किलोमीटरांच्या आसपास जायचे, आणि दर्शन झाले की तेवढेच परत यायचे. परतताना बहुधा रात्र होते. मागे तिघे, पुढे मी, सगळे सत्तरीच्या पुढचे. तेव्हा या गाडीच्या ब्रेकवर आणि टायरवर पाच घरे विसंबून असतात. मी या विषयाकडे लक्ष द्यायला लागलो ते यामुळे.

टर्बो म्हणजे काय, हे मी त्याच्याकडूनच समजून घेतले. लोहाराचा भाता हवा फुंकतो आणि आग भडकते, हे आपण जाणतो. त्या आगीतून निघणाऱ्या धुराच्याच जोरावर भाता चालू लागला तर? टर्बो तसाच आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून लहान इंजिनातून मोठा जोर. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. तो बारीकसा दांडा जोरात असताना मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि एका टोकाला लाल होईल एवढा तापतो. त्याला आधार कशाचा? तेलाच्या एका पातळ थराचा. दांडा त्या थरावर तरंगत फिरतो. थर गेला की धातू धातूला लागतो, आणि मग काही क्षणांत खेळ संपतो.

म्हणून जुन्या टर्बो गाडीच्या निगेत पहिला मान ऑइलचा. पुतण्या पूर्ण सिंथेटिक ऑइल वापरतो. कंपनीच्या पुस्तकात लांबचा टप्पा दिलेला असला तरी तो सात-आठ हजार किलोमीटरांनाच ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो. गाडी तेवढी चालली नाही तर वर्ष भरले की बदलतो. जुने इंजिन थोडे ऑइल खातेच, म्हणून दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर काडी काढून पाहतो. तेल जळून त्याचा राळेसारखा गाळ तळाला बसतो आणि ऑइल पंपाच्या तोंडाची जाळी चोंदते. मग डबा भरलेला असूनही टर्बो तहानलेला राहतो. म्हणून गाडी घेतल्याबरोबर त्याने इंजिनखालचे ऑइलचे भांडे उतरवून ती जाळी धुऊन घेतली होती.

चालवण्याचेही नियम आहेत. गाडी सुरू केल्याबरोबर जोर द्यायचा नाही, ऑइल गरम होईपर्यंत हळू न्यायचे. आणि जोरात आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही. येडशीचा चढ चढून चहाला थांबलो की तो मिनिट-दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवतो. तापलेल्या दांड्याभोवती तेल थबकले तर तिथल्या तिथे जळून त्याचा कोळसा होतो. पूर्वी मी म्हणायचो, अरे पेट्रोल जळायलंय. तो म्हणायचा, "काका, बैल पळून आला की तुम्ही लगेच दावणीला बांधून पाणी दाखवत होतात का?" त्यावर मला उत्तर सुचले नाही, कारण वडील तसे करू देत नसत. आधी थोडे फिरवायचे, धाप बसू द्यायची, मग पाणी.

बैलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी जात आहे, लाल कंधारी. ओढकामाचा चिवट बैल. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळून शेक देतात. खांदा आल्यावर, म्हणजे सुजल्यावर, करायचा हा उपचार नव्हे. खांदा धड असतानाच, तिथी आली म्हणून हे करायचे. बैलगाडीला वंगणाची नळी टांगलेली असे, ती चाक कुरकुरायला लागण्याची वाट पाहत नसे. आमच्या मृदंगाचेही तेच. डाव्या तोंडाला लावलेली कणीक सेवा संपल्याबरोबर खरवडून काढायची, तशीच राहिली तर वाळून कातडे खराब करते. ज्यांच्या घरात हे संस्कार होते त्यांना यंत्राची निगा वेगळी शिकवावी लागू नये. तरी शिकवावी लागते, कारण यंत्र बोलत नाही, आणि मुकाट चालते तोवर ते धडच आहे असे आपण धरून चालतो.

मुकाट चालणाऱ्या भागांत सर्वांत घातकी म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेला असावा लागतो. या दोघांचा ताल एक दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. मृदंगाचा ताल चुकला तर टाळकरी सावरून घेतात, इथे सावरायला कुणी नाही. पट्टा तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. एका सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला मला नेण्यासाठी एका यजमानाने आपली मोटार पाठवली होती. ती निराळी गाडी होती. भर दुपारी माळरानावर ती एकाएकी बंद पडली. आवाज नाही, धूर नाही, आधी काही सूचना नाही. पट्टा तुटला होता. गावात दहीहंडी बांधून लोक ताटकळले होते, आणि मी ट्रॅक्टरवर बसून पोहोचलो. काला झाला, पण यजमानाचे इंजिन गेले ते गेलेच. पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च पुढे आला, आणि मुलीच्या लग्नाला ठेवलेल्या पैशाला हात लागला, असे नंतर कळले.

पुतण्याच्या गाडीतही पट्टाच आहे. तो बदलताना एकटा पट्टा बदलत नाहीत. त्याला ताणून धरणारा टेन्शनर, रोलर आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप, हे सगळे एकदम बदलायचे. नवा पट्टा आणि जुना पंप अशी जोडी लावली आणि पंप अडकला, तर नवा पट्टाही जातो. शिवाय किलोमीटर भरले नसले तरी वर्षे मोजायची. आमच्या भागात वैशाखात पारा बेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात, बॉनेटखालच्या तापात, उभ्या गाडीचेही रबर वाळते. म्हातारपण चालण्याने येते तसे नुसते बसूनही येते, हे मला कुणी वेगळे सांगायला नको.

पाण्याचेही तेच. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतायचे नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, घरच्या हंड्याला जसे पांढरे किटण बसते तसे आत बसते. कूलंट आणि शुद्ध केलेले बॅटरीचे पाणी, एवढेच. गाडी तापलेली असताना झाकण उघडायचे नाही, आतले पाणी दाबाखाली असते आणि उसळून तोंडावर येते. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून जरा वर सरकला की गाडी बाजूला घ्यायची, "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणायचे नाही.

मग येतात रबरी नळ्या. टर्बोने दाबलेली हवा जाड नळ्यांतून, मधल्या इंटरकूलरमध्ये थंड होऊन, इंजिनात जाते. शिवाय बारीक नळ्यांचे एक जाळेच असते. वीस वर्षांत त्या कडक होतात, चिरतात. हवा निसटली की गाडी मंद होते, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो, पेट्रोल जास्त लागते. नांदेडचा एक जुना मेकॅनिक त्यात धूर सोडून गळती शोधतो. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधतो, तसेच. पेट्रोलच्या नळ्यांकडे आता वेगळे लक्ष द्यावे लागते. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. त्यातला काही वाटा आपल्याच उसाचा आहे, शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरेच. पण २००५ सालच्या गाडीतले रबर त्या मिश्रणासाठी केलेले नव्हते. म्हणून त्याने पेट्रोलच्या नळ्या आणि सील नव्या जातीच्या रबराचे घालून घेतले. गाडीत पेट्रोलचा जरा जरी वास आला तरी ती चालवायची नाही, हा त्याचा कडक नियम आहे.

ब्रेकचे ऑइल हवेतली ओल शोषते. ओल झालेले ऑइल घाटात तापून उकळले की पायाखालचा ब्रेक पोकळ होतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचे, दिसायला चांगले असले तरी. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांवरच्या टायरवर तो आम्हांला बसवत नाही. हे आकडे वाचायला मी शिकलो आहे, आणि आता कुणाच्याही गाडीत बसण्याआधी वाकून पाहतो. लोकांना वाटते महाराज चाकाच्या पाया पडले.

एवढे सगळे लक्षात कसे राहावे? त्यासाठी मी त्याला लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही दिली. माझ्या कीर्तनाच्या वह्या तशाच आहेत: तारीख, गाव, कोणते प्रकरण, काय बोललो. त्याने रकाने पाडले: तारीख, काट्यावरचे किलोमीटर, काय बदलले, आणि पुन्हा कधी. शेवटचा रकाना महत्त्वाचा. माळेगावच्या यात्रेत जाणता माणूस बैलाचे दात पाहून थांबत नाही, खांदा आणि खूर चाचपतो, मालकाने कसा राखला ते पाहतो. जुनी मोटार घेतानाही काट्यापेक्षा अशी वही पाहावी. वहीवाली दोन लाखांची गाडी बिनवहीच्या एक लाखाच्या गाडीपेक्षा बरी.

एकदा वारीतल्या एका तरुणाने मला विचारले, "महाराज, योगक्षेम देव वाहतो म्हणता, मग ही वही कशाला?" प्रश्न चांगला होता. भगवंताचे ते वचन अनन्य आणि नित्य जोडलेल्यासाठी आहे, आणि आळसाला अनन्यता म्हणत नाहीत. पण मी त्याला दुसरे उत्तर दिले. नवस आणि वारी यांत फरक काय? संकट आले की माणूस नवस बोलतो. वारीला संकट लागत नाही, तिथी आली की निघायचे. घरी सुख असो, दुःख असो, पाऊस असो. मेकॅनिकच्या दारात बहुतेक गाड्या नवसाला येतात, ओढून आणलेल्या. पुतण्याची गाडी वारीला जाते. दुरुस्ती म्हणजे नवस, निगा म्हणजे वारी. आपण वारकरी आहोत, आपल्याला हे अवघड वाटू नये.

दुसरा आक्षेप आमच्या मठातल्या एका वडीलधाऱ्यांचा. ते म्हणाले, एवढी चाकरी जिवंत माणसाची करावी. ही तर भोगवस्तू, हा मोह आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला. वेगाची हौस हा मोह असेल, नाकारत नाही. पण आणलेली वस्तू कुजू देणे हे वैराग्य नव्हे. तिच्यात लोखंड आहे, कामगारांचे कष्ट आहेत, आणि आता चार म्हाताऱ्यांचे जीव आहेत. मोह ओळखायची खूण वेगळी आहे: सोडायची वेळ आली तरी सुटत नाही, तो मोह.

म्हणून मी पुतण्याला त्याच वहीच्या पहिल्या पानावर गाडी कधी सोडायची ते लिहायला लावले, गाडी धड असतानाच. त्याने तीन ओळी लिहिल्या. सांगाड्याला किंवा चाकांच्या आधाराला गंज खाऊ लागला तर. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा खात्रीचा भाग मिळेनासा झाला तर. आणि वर्षाचा खर्च त्याने ठरवलेल्या आकड्यापुढे गेला तर. तो आकडा त्याच्या बायकोने लिहिला आहे. सरकारही आपल्या परीने विचारतेच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते. मोटारीसाठी तिचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले, आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी २०२५ साली दहा हजार. ते भरण्याआधी त्याने पहिले पान उघडून तिन्ही ओळी वाचल्या, गाडी मेकॅनिककडे उचलून खालून पाहिली, आणि मगच पैसे भरले. पुढच्या खेपेला कदाचित भरणार नाही. तेव्हा त्याला वाईट वाटेल, पण फसवणूक झाल्यासारखे वाटणार नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे असली पळणारी गाडी नसेल. पण दिंडीसोबत सामानाची गाडी असते, पाण्याचा टँकर असतो, ट्रॅक्टर असतो, आणि आजकालच्या बहुतेक डिझेल गाड्यांत टर्बो असतोच. आषाढीला निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, ज्येष्ठ लागायच्या आधी त्यांचे ऑइल, पट्टे, ब्रेक आणि टायर पाहून घ्या. टायरवरचे चार आकडे वाचा. गाडीवानाला दोन मिनिटे इंजिन चालू ठेवू द्या, त्याच्यावर ओरडू नका. आणि एक वही घाला. दिंडीच्या पंगतीचा, पट्टीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो, त्याच पेटीत ही वहीही राहील.

रामकृष्ण हरी.